मावशीचे मांडे आणि गुगल

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, सगळ्या सीमाभागातल्या दुकानदारांशी, कारागिरांशी आणि घरातून धंदा करणाऱ्या बायकांशी आज बोलायचं आहे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर आपण जे टाकतो, त्यानं आपली वेबसाइट गुगलवर वर येते का? येते. पण लाइकमुळे येत नाही. परत एकदा सांगते, लाइकमुळे येत नाही. मग कशामुळे, ते माझ्या मावशीमुळे मला कळलं.

मावशी बेळगावच्या शहापुरात मांडे करते. रुखवतात मांडे लागतातच, ते तुम्हाला मी काय सांगायचं! पण तिचा हात बघण्यासारखा आहे. पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडा भरलेली पोळी हातांवर झेलत झेलत मोठी करायची, उपड्या कढईवर टाकायची आणि गरम आहे तोवरच तिची घडी घालायची. जरा उशीर झाला की घडी पडत नाही, मांडा मोडतो. ही कला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून विकणारे पाहिले की माझा जीव जळतो. मांड्याला वारा लागायला हवा, डबा हवा. असो.

तर मावसभावानं तिची वेबसाइट केली. छान फोटो, आणि पत्ता, फोन, भाव, सगळं त्या फोटोतच छापलेलं. पानावर लिहिलेला मजकूर जवळजवळ नाहीच, म्हणजे गुगलनं वाचावं असं काही नाही. पानाच्या मथळ्यात नुसतं ‘होम’. मग दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर, माझ्या भाचीनं मावशीच्या हातांचा व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, ‘आजीची जादू’. आणि तो असा काही फिरला, की पुण्याहून, मुंबईहून, थेट परदेशातून लोक विचारायला लागले. हे कुठं मिळतं? किती दिवस टिकतं? पार्सलमध्ये तुटतं का? आम्ही घरात सगळे खूश. आता ऑर्डरी येणार म्हणून मनात मांडे खात बसलो.

ऑर्डर एकही आली नाही. आठवडाभरानं मावशी स्वतः व्हिडिओ बघायला बसली. दोनदा बघितला आणि म्हणाली, “अगं, माझं नाव कुठं आहे ह्यात? शहापूर कुठं आहे? माणसं विचारायल्यात आणि तुम्ही एकाला उत्तर दिलं नाही. यायचं तरी कुठं त्यांनी?”

बरोबर होतं तिचं. व्हिडिओ बघून कुणी गुगलवर शोधलं असतं, तरी शोधायला हाताशी नावच नव्हतं.

त्या रात्री आम्ही तिघी बसलो. एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. आणि भाचीला सुचलं, हेच प्रश्न वेबसाइटवर लिहूया की! मांडे किती दिवस टिकतात, रुखवतासाठी किती दिवस आधी सांगावं, गावाला न्यायचे तर कसे बांधावेत. एका प्रश्नाला एक पान, मावशीच्याच शब्दांत. पुढच्या व्हिडिओत मावशीनं पहिल्याच वाक्यात आपलं नाव, धंद्याचं नाव आणि शहापूर, बेळगाव असं सांगितलं. महिन्या-दोन महिन्यांनी खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्या कोल्हापूरच्या एका बाईंनी तो व्हिडिओ बघितला, मावशीकडे येऊन गेल्या आणि आपल्या लेखात वेबसाइटचा दुवा, म्हणजे लिंक, दिला. त्यानंतर बेळगावचे मांडे शोधणाऱ्यांना मावशीचं पान दिसायला लागलं.

आता ह्यातलं कारण थोडक्यात. सोशल मीडियावरच्या दुव्यांना बहुतेक ठिकाणी ‘नोफॉलो’ अशी खूण लावलेली असते, म्हणजे ह्या दुव्याला वजन देऊ नका असं गुगलला सांगणारी. गुगलनं ती 2005 साली आणली, 2019 पासून गुगल तिच्याकडे फक्त सूचना म्हणून बघतं, हुकूम म्हणून नव्हे. म्हणून फेसबुकवर शंभर वेळा दुवा टाकला तरी त्याला फारसं वजन नाही. वजन आहे ते दुसऱ्या कुणी मनापासून, आपल्या पानावर दिलेल्या दुव्याला. पण त्या माणसाला तुम्ही दिसणार कुठं? सोशल मीडियावर. लाइक नव्हे, ओळख. ओळख झाली की लोक तुमच्या नावानं शोधतात आणि तुमच्याविषयी लिहितात. आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस गुगलला दिसतच नाही, हे विसरू नका. ते ओळखीच्यांसाठी ठीक आहे, शोधणाऱ्यांसाठी नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ मात्र गुगलच्या शोधात येतो, तेव्हा इन्स्टाग्रामचा व्हिडिओ तिथंही टाका.

आणखी एक, आपल्याच भागाचं दुखणं. 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. पण शोधणारा माणूस बेळगाव लिहितो, बेळगावी लिहितो, इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं लिहितो. वेबसाइटवर ही सगळी रूपं वाक्यात सहज येऊ द्या. आणि एक पान कन्नडमध्येही ठेवा, हे माझं ठाम मत आहे. गोकाकच्या, बैलहोंगलच्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत भाव सांगितला तर आपली मराठी कमी होत नाही. माझे आजोबा खडेबाजारात दोन्ही भाषांत हिशोब करत, आणि त्यांच्या मराठीला कुणी नाव ठेवलं नाही.

नकाशावर दुकान दाखवण्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट मिळतं, ते आजच भरा. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकच असावा. फेसबुकवर एक नंबर, वेबसाइटवर दुसरा, असं नको. नाव, पत्ता, फोन, सगळीकडे एकच.

मावशी अजून व्हिडिओ काढत नाही, ते भाची करते. पण संध्याकाळी कढई उतरली की ती विचारते, “आज काय विचारलंय गं लोकांनी?” परवा कुणीतरी विचारलं होतं, पार्सल उघडलं आणि मांडा मोडलेला निघाला तर काय करायचं. मावशी तूप लागलेले हात पुसत म्हणाली, “गरम दुधात कुस्करायचा आणि खायचा. मोडलेला जास्त चांगला लागतो.” भाचीनं ते उत्तर तसंच्या तसं वेबसाइटवर लिहिलं आहे.