चेंडूला कोपर दिसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय गोल्फ. सोलापूरच्या उन्हात हिरवळ राखण्यापेक्षा ज्वारी बरी, असं म्हणून कुणी रेडिओ बंद करणार असेल तर दोन मिनिटं थांबा. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी पहाटे, ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती अशी माणसंसुद्धा टीव्हीसमोर बसून ‘बर्डी म्हणजे काय हो?’ असं एकमेकांना विचारत होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या दारापर्यंत गेली आणि चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्यानं सगळी चर्चा पळवली, ते सोडा. पण एक खेळ घरात डोकावून गेला.

शिवाय आपली पोरं आता पुण्याला, बंगळूरला नोकरीत आहेत. साहेबाबरोबर रविवारी सरावाला जातात, बादलीभर चेंडू मारतात आणि दिवाळीला गावी आली की गच्चीवर छत्री धरून स्विंग, म्हणजे काठीचा पूर्ण झोका, करून दाखवतात. मी मुलांना खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे त्यांचा प्रश्न माझ्याकडे येतो. ‘सर, एक कोच म्हणतो, डावा हात ताठच हवा, डोकं हलता कामा नये, काठी अमुकच रेषेत वर गेली पाहिजे. दुसरा म्हणतो, अंगाला जमेल तसं मारा. ऐकायचं कुणाचं?’

भांडण जुनं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकवणाऱ्यानं चेंडूच्या बाबतीत कडक असावं आणि अंगाच्या बाबतीत सैल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं.

गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. काठीचं पातं आणि हा चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात चेंडूला काय कळतं? पात्याचं तोंड कुठे वळलंय, पातं कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं येतंय, वरून येतंय की खालून, आणि चेंडू पात्याच्या मध्यावर लागला की कडेला. संपलं. मारणाऱ्याचं कोपर वाकलं होतं का, टाच उचलली होती का, हे त्या बिचाऱ्याला दिसत नाही.

मग पद्धतवाले कोपरासाठी एवढा जीव का टाकतात? अमेरिकेचा बेन होगन घ्या. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला समोरून बस धडकली, हाडं मोडली, आणि १९५० मध्ये या गड्यानं यूएस ओपन जिंकली. अशा माणसानं १९५७ साली आपली पद्धत लिहून काढली. चेंडूपासून तुमच्या खांद्यांपर्यंत एक तिरकी काच टेकवलेली आहे असं समजा, काठी मागे नेताना हातांनी ती काच फोडायची नाही, असं त्यानं सांगितलं. चित्र इतकं स्वच्छ की पुढच्या कितीतरी कोचांनी तेच शिकवलं. फक्त एक गोष्ट मागे राहिली. होगनची स्वतःची अडचण होती हूक, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू गर्रकन डावीकडे वळणं. तो आवरण्यासाठी त्यानं डाव्या हाताची पकड अशी फिरवून घेतली की पातं लवकर मिटू नये, म्हणजे त्याचं तोंड डावीकडे वळू नये. आणि नवशिक्यांना काय होतं? बहुतेकांना स्लाइस होतो, चेंडू उजवीकडे पळतो, कारण त्यांचं पातं आधीच उघडं, म्हणजे तोंड उजवीकडे, राहतं. त्यांनी होगनची पकड उचलली की चेंडू आणखी उजवीकडे. होगन बरोबरच होता, पण होगनपुरता.

तरीही पद्धत फेकून द्या म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडच्या निक फाल्डोचं नाव सांगतो. चांगला नावाजलेला खेळाडू असताना १९८५ च्या सुमारास तो डेव्हिड लेडबेटर या प्रशिक्षकाकडे गेला आणि आपला स्विंग मुळापासून बांधून घेतला. दोनेक वर्षं त्यात गेली. लोक हसले. १९८७ मध्ये म्यूरफील्डला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी त्यानं अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे प्रत्येक होलला ठरलेल्या फटक्यांत, काढले, एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि स्पर्धा जिंकली. तशा सहा मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर आहेत. दडपणाखाली रोज तेच करता येणं ही शिस्तीचीच देणगी. पण बघा, ती पद्धत त्याच्या अंगावर बेतलेली होती, समोर बसून, महिनोन् महिने.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा जिम फ्युरिक. त्याचा स्विंग प्रथम पाहणारा माणूस चहाचा कप खाली ठेवतो. काठी एका वाटेनं उभी वर जाते, वर गेल्यावर एक गिरकी घेते आणि वेगळ्याच वाटेनं खाली येते. काचेचा तर चुराच. त्याचे वडील माइक फ्युरिक स्वतः गोल्फचे व्यावसायिक शिक्षक. त्यांनी ती गिरकी सरळ केली नाही. पातं चेंडूला भेटतानाची अवस्था अगदी पुस्तकी आहे ना, मग वर काय चाललंय ते चालू दे. फ्युरिकनं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ च्या ट्रॅव्हलर्स स्पर्धेत एका फेरीत ५८ फटके घेतले, पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेच्या, इतिहासातली सर्वांत कमी धावसंख्या. धावसंख्या म्हटलं, क्रिकेटची सवय! फटक्यांची संख्या म्हणू.

या कोड्याचा उलगडा गोल्फच्या बाहेर, आणि फार आधी, झाला होता. १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन हे शास्त्रज्ञ छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपत होते. कसबी कामगाराचा हात प्रत्येक घावाला तंतोतंत तोच फिरत असेल अशी कुणाचीही समजूत असणार. फिल्मवर दिसलं वेगळंच. हातोडा नेमक्या जागी पोचत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दर वेळी थोड्या बदलत होत्या. खांद्यात चूक झाली तर मनगट ती भरून काढत होतं. कसब म्हणजे हीच भरपाई. सांधे पक्के बांधून टाकले की ही भरपाई बंद पडते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या हातमागवाल्यांना मॉस्कोला जायची गरज पडली नसती. बापानं पोराला मागावर बसवताना कोपराचा अंश सांगितला नाही. काठ सरळ आला पाहिजे, धागा तुटता कामा नये, एवढ्यावर मात्र हयगय खपवून घेतली नाही.

शिकवण्याच्या भाषेलाही हे लागू पडतं. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचे छोटे फटके शिकवून पाहिले. काहींना सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, काठीच्या झोक्याकडे लक्ष द्या. दुसरे जास्त अचूक निघाले. म्हणून ‘कोपर आवळ’ असं दहादा ओरडण्यापेक्षा ‘पातं त्या झाडाकडे जाऊ दे’ असं एकदा सांगावं.

आणि पद्धतीच्या पोथीत लिहिलेलं सगळं खरंच असतं असंही नाही. चेंडू काठीच्या वाटेच्या दिशेनं निघतो आणि नंतर पात्याच्या तोंडाकडे वळतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग रडारची यंत्रं आली. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीच्या यंत्रांनी तर ते उघडच केलं, की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः पात्याचं तोंड ठरवतं. मोठे खेळाडू चेंडूकडे बघून बरोबर तेच करत होते, तोंडानं मात्र जुनंच सांगत होते.

आता सैलवाल्यांचे कान धरतो. ‘तुला जमेल तसं मार’ म्हणून खुर्चीत बसणारा कोच लवचीक नसतो, आळशी असतो. मोबाइलवर शिकणाऱ्यांचं तर विचारू नका. पकड एका व्हिडिओतली, कंबर दुसऱ्यातली, मनगट तिसऱ्यातलं. स्विंगचे भाग एकमेकांना धरून असतात. पकड अशी असेल की पातं पटकन मिटतं, तर कंबर जोरात फिरवावी लागते, नाहीतर चेंडू डावीकडे पळतो. पकड उलटी असेल तर हातांनी पातं मिटवावं लागतं. एकाची पकड आणि दुसऱ्याची कंबर यांचं लग्न लावलं की घरात भांडण ठरलेलं. कुठलीही एक कडक पद्धत या खिचडीपेक्षा बरी, हे मी कबूल करतो.

मुळात कडक पद्धत टिकते ती बहुतेक वेळा शिक्षकाच्या सोयीमुळे. पार्क मैदानावर क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरात चाळीस पोरं एका रांगेत उभी असली, ऊन चढायच्या आत आटपायचं असलं, की ‘डावं कोपर वर!’ हा एकच हुकूम देता येतो. तिथे बुमराहसारखा हात टाकणारा पोरगा आला तर पहिल्याच दिवशी त्याला ‘सरळ’ केला जाण्याची भीती असते. गोल्फमध्ये साधारणपणे एका शिक्षकासमोर एक विद्यार्थी असतो आणि तासाचे पैसे घेतले जातात. तिथे रांगेचा हुकूम कशाला?

मग कडक कुठे व्हायचं? चेंडू मारण्याआधी जे ठरतं तिथे. पकड, पायांतलं अंतर, चेंडू कुठल्या पायासमोर, अंग कुठल्या दिशेला. यात घाईगडबड चालू देऊ नये, लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण ही सवय पुढे मोडताना फार रडवते. काठी हलली की मात्र माणूस बघा. पन्नाशीचा व्यापारी, दिवसभर गादीवर बसून कंबर आखडलेली. त्याला ‘डावी टाच जमिनीला चिकटव आणि खांदे पूर्ण फिरव’ म्हटलं तर रात्री तो बाम लावत बसेल. टाच उचलू द्या. अमेरिकेच्या जॅक निक्लॉसची टाच उचलायची आणि त्यानं १८ मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

पुण्यात कोच शोधणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं असतं. पहिल्या दिवशी त्यानं तोंड उघडण्याआधी तुमचे दहा-पंधरा फटके पाहिले का? पाठीचं, गुडघ्याचं काही दुखणं आहे का, हे विचारलं का? आणि एक बदल सांगितल्यावर त्यानं नजर कुठे ठेवली, तुमच्या कोपरावर की चेंडूवर? फीची बोलणी त्यानंतर करा. नमस्कार.