नस्य बिघडतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. सकाळी नाकात दोन थेंब तेल सोडायची सवय आता पुण्यात बऱ्याच घरांत दिसते. कुणी अणुतेल घालतं, कुणी साजूक तूप. ओढणीनं तोंड-नाक गुंडाळून सिग्नलला उभं राहणाऱ्या या शहराला नाकाची काळजी वाटली तर नवल नाही. नाकातून तेल, तूप किंवा औषध देण्याच्या या आयुर्वेदिक उपचाराला नस्य म्हणतात. ते कसं करावं हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज ते बिघडतं तेव्हा काय करायचं, एवढ्यावरच बोलणार आहे.

सुरुवात माझ्याच हातून बिघडलेल्या नस्यापासून करते. दवाखाना थाटून जेमतेम दोन वर्षं झाली होती. अर्धशिशीनं हैराण झालेले एक गृहस्थ आले. कपाळाला, मानेला तेल लावून शेक दिला, झोपवलं, औषध सोडलं. मिनिटभरात ठसका, मग उमासे, मग उलटी. येता येता मिसळ चापून आले होते हो! आणि मी विचारलंच नव्हतं. जेवणानंतर नस्य दिलं तर खोकला, दम, ओकारी, पडसं होतं, हे चरकसंहितेत आहे. परीक्षेत मी ते लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

असं झालं तर औषध तिथंच थांबवायचं, रुग्णाला उठवून बसवायचं, पुढं झुकवायचं आणि घशात आलेलं सगळं थुंकायला लावायचं. गिळायचं नाही. नस्य चालू असताना बोलू नये, हसू नये, रागावू नये असं सुश्रुतांनी बजावलंय. आमच्याकडे मात्र पेशंटचा मोबाइल नेमका तेव्हाच वाजतो.

नस्याच्या उपद्रवांना आपल्याकडे व्यापद म्हणतात. सुश्रुतांच्या मते त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे दोष, म्हणजे वात-पित्त-कफ, उसळले, पण बाहेर पडले नाहीत. मग डोकं जड होतं, नाक चोंदतं, तोंडाला पाणी सुटतं, अन्नावरची वासना जाते. दुसरी म्हणजे क्षय, म्हणजे झीज; टीबी नव्हे. औषध तीक्ष्ण होतं किंवा फार झालं, की नाक-घसा कोरडा पडतो, डोकं पोकळ वाटतं. दोन्हींचे उपाय अगदी उलट आहेत. जडपणा असेल तर नस्य बंद, कोमट पाण्याच्या गुळण्या, आहार हलका. वैद्य सांगतील तर औषधी धूमपान. कोरडेपणा असेल तर तुपासारखं स्निग्ध काहीतरी. लोक करतात काय, तर डोकं जड झालं की औषध कमी पडलं असं समजून आणखी चार थेंब ओततात!

वेखंड किंवा कायफळाची पूड नाकात ओढण्याचा उद्योग घरी करूच नका. त्यानं नाकाचा घोळणा फुटतो. फुटलाच तर डोकं मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. ताठ बसून थोडं पुढं वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा, श्वास तोंडानं घ्यायचा. तरी थांबलं नाही, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर थेट दवाखाना.

नस्याच्या वेळी भोवळ आली तर आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी थंड पाणी शिंपडायला सांगितलंय, पण डोकं सोडून. पावसाळ्यात ऊन असेल तेव्हाच नस्य द्यावं, असंही ते म्हणतात. जुलैत पुण्यात ऊन शोधत बसावं लागतं, ते सोडा. पण नव्या सर्दीत नस्य नको, आणि नस्य झाल्यावर लगेच स्कूटरवरून गार वारा खात घरी जाणंही नको.

आता बाळांविषयी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी टाळू भरतात आणि त्याच हातानं नाकातही तेल सोडतात. वाग्भटांनी नस्याला 7 ते 80 अशी वयाची मर्यादा घातली आहे, मात्र प्रतिमर्श, म्हणजे दोन थेंबांचं नस्य, जन्मापासून चालतं असंही म्हटलंय. तरीही मी तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालू देत नाही. रडणाऱ्या बाळाच्या श्वासाबरोबर तेल फुप्फुसात जाऊ शकतं, आणि तिथं गेलेलं तेल सहजी बाहेर येत नाही; त्यातून न्यूमोनिया होतो. लकव्यामुळे गिळताना ठसका लागणाऱ्या आजी-आजोबांनाही हाच धोका. मावशी रागावल्या तर माझं नाव सांगा.

नस्यानंतर धाप लागली, छातीत घरघर झाली किंवा ताप-खोकला रेंगाळला तर वाफारे घेत घरी बसू नका. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर नाकात तेल घालतो हे आवर्जून सांगा. साधा न्यूमोनिया आणि तेलाचा न्यूमोनिया एक्स-रेवर सारखे दिसू शकतात. डॉक्टर विचारतात, "कुठलं औषध चालू आहे का?" आणि आपण म्हणतो, "छे, काहीच नाही." तेल म्हणजे औषध, हे आपल्या डोक्यातच नसतं. नमस्कार.