चूक दिसते एका पोर्टवर, जन्मते दुसरीकडे

नेटवर्कमधली यंत्रं जोडणाऱ्या स्विचच्या एखाद्या पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा (डेटाच्या पाकिटांचा), आकडा वाढताना दिसला, की आपला हात आधी त्या पोर्टच्या केबलकडे जातो. माझाही जायचा. आज बोलायचंय ते हा हात थोडा वेळ आवरण्याबद्दल.

वेगवान स्विच बरेचदा कट-थ्रू पद्धतीनं चालतात. फ्रेमचं हेडर आलं, पत्ता कळला, की उरलेल्या फ्रेमची वाट न बघता ती पुढे सोडायला सुरुवात होते. पण इथरनेटची फ्रेम धड आहे की नाही हे सांगणारे ३२ बिट तिच्या शेपटीला असतात. ते तपासून होईपर्यंत डोकं केव्हाच बाहेर पडलेलं असतं! मग स्विचच्या हातात एवढंच उरतं, की शेपटीवर ‘ही बिघडलेली आहे’ अशी खूण करायची. पुढचा कट-थ्रू स्विचही तिला तशीच पुढे पाठवतो. केबल एकच खराब, पण आकडे वाढतात तिच्याशी थेट संबंध नसलेल्या पोर्टांवर.

एकत्र गणितं करणाऱ्या यंत्रांच्या एका क्लस्टरमध्ये आम्ही अशा तीन केबल बदलल्या. तिन्ही निर्दोष होत्या. दोष दोन स्विच मागे, एका सर्व्हरच्या जोडणीत निघाला. तोवर रात्र गेली होती आणि ज्यांची गणितं त्या यंत्रांवर चालू होती, त्यांचं काम दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ते मला अजून लागतं.

म्हणून आधी मागं चालत जा. फ्रेम कुठल्या पोर्टातून आत आली, तिथं आकडा वाढतोय का, त्याच्याही मागं काय आहे? काही स्विच खूण केलेल्या फ्रेम वेगळ्या मोजतात, तेव्हा काम सोपं होतं. ताजी चूक जिथं मोजली जाते, तीच लिंक तपासायची. आणि एक गोष्ट पक्की धरा: सिम्बॉल एरर (लिंकवरचा संकेतच चुकीचा वाचला जाणं) किंवा एफईसीचे (लिंकवरच्या चुका जागीच दुरुस्त करणाऱ्या कोडचे) आकडे स्विच ओलांडून पुढे जात नाहीत. ते त्याच लिंकचे असतात.

एफईसीचा आकडा पाहून मात्र घाबरू नका. पॅम-४ या संकेतपद्धतीत एका सिम्बॉलवर चार पातळ्यांतून दोन बिट जातात. तिथं चुका होणारच, असं धरूनच रचना केलेली आहे. नेहमीच्या आरएस ५४४/५१४ या एफईसी कोडमध्ये कोडच्या ५४४ सिम्बॉलांमागे (हे पॅम-४ च्या सिम्बॉलांहून वेगळे) १५ पर्यंत चुका दुरुस्त होतात. दुरुस्त झालेल्या चुका वाढणं हा आजार नव्हे. दुरुस्त न झालेल्या वाढल्या, की उठायचं. पण उठण्याआधी लेन, म्हणजे लिंकमधल्या समांतर वाटा, ताडून बघा. आठांपैकी एकच लेन इतरांहून खूप वाईट असेल, तर मला पहिला संशय येतो त्या एका फायबरवरच्या धुळीचा. सिंगल-मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, तिथं एक कण पुरतो. सगळ्याच लेन सारख्या खालावल्या असतील, तर मॉड्यूल (पोर्टात बसणारा, विजेच्या संकेताचा प्रकाश करणारा भाग), केबलची लांबी, येणारी प्रकाशशक्ती बघायची.

काउंटरही फसवतात. इन्फिनीबँड या इथरनेटहून वेगळ्या नेटवर्कमध्ये लिंक किती वेळा पडली हे मोजणारा मूळ काउंटर ८ बिटांचा असतो. तो २५५ वर जाऊन थांबतो आणि लिंक पडतच राहिली तरी हलत नाही. त्याकडे पाहून ‘आता स्थिर आहे’ म्हणणं धोक्याचं. काउंटर शून्य करा, वेळ लिहा, खऱ्या लोडखाली ठेवून पुन्हा वाचा. डिस्कार्ड (स्विचनं टाकून दिलेल्या फ्रेम) बहुधा गर्दीचे असतात, त्यांचा विचार वेगळा.

एवढं झालं, की मग केबलला हात लावा. आधी कनेक्टर सूक्ष्मदर्शकातून बघा, पुसा, पुन्हा बघा, मॉड्यूलचं तोंडही. त्यानं भागलं नाही, तर एका वेळी एकच वस्तू हलवा. केबल जागेवर ठेवून मॉड्यूल शेजारच्या पोर्टातल्या मॉड्यूलशी बदलल्यावर चूक त्याच्याबरोबर गेली, तर दोष मॉड्यूलचा. ती जुन्याच पोर्टावर राहिली, तर केबल बदला, आणि तरीही राहिली, तर स्विचचा पोर्ट बंद करून तक्रार नोंदवा.