चाड्यावरची मूठ

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या लोकांनी आप्पांवर बोलशील का म्हणून विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि रात्रभर जागी राहिले. इथं बसलेल्या निम्म्या माणसांना आप्पांनी कान धरून शाळेत नेऊन बसवलंय. तुम्ही आज त्यांची तसबीर लावताय. त्यांची नात म्हणून माझा ऊर भरून येतो. पण तसबिरीत मावत नाही असा पुष्कळ आप्पा आमच्या घरात होता, आणि त्याच्याबद्दलही बोलल्याशिवाय मला आज खाली बसता येणार नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला आपला हा बेळगावचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आप्पा पंचविशीच्या आत-बाहेर होते. आदल्या दिवशी ज्या शेतात कामाला गेले त्याच शेतात दुसऱ्या दिवशी गेले, आणि मधल्या रात्रीत राज्य बदललं होतं. हे ते फार सांगायचे. पुढं हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून सेनापती बापटांनी उपोषण केलं, 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला आणि बेळगाव शहर म्हैसुरातच राहावं असं त्यात निघालं. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे, तो मी उगाळत नाही. आप्पांपुरतं सांगायचं तर जमिनीचा उतारा कन्नडमध्ये यायला लागला, आणि स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची पाळी त्यांच्यावर आली. ती त्यांना शेवटपर्यंत टोचली.

तो कागद वाचून द्यायचे ते गावात भाड्यानं राहणारे कन्नड मास्तर. आप्पा त्यांच्या ओसरीवर बसायचे, मास्तर ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगायचे. आप्पांना कन्नड बोलता उत्तम यायचं, बैलांच्या बाजारात त्यांचा सगळा सौदा कन्नडमध्येच व्हायचा. वाचता मात्र येत नव्हतं. ऐंशीच्या दशकात वातावरण तापलं तेव्हा एका रात्री मास्तरांच्या कौलांवर दगड पडले. आप्पांनी आपलं बाजलं उचललं, मास्तरांच्या दारात आडवं टाकलं आणि तिथंच निजले. पोरं आली तर म्हणाले, "माझं भांडण सरकारशी हाय. मास्तरांच्या दाराला हात लावायचा तर आधी मला उचला." आठवडाभर बाजलं तिथंच होतं. त्यातली काही पोरं आज इथं आजोबा होऊन बसलीत, त्यांना आठवत असेल.

आता 1986. प्राथमिक शाळेत कन्नडच्या सक्तीविरुद्ध 1 जूनचं आंदोलन. हिंडलगा, बेळगुंदीला गोळीबार झाला, माणसं गेली, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. आप्पा त्या दिवशी निघाले ते पेरणी अर्धी टाकून.

नव्या मुलांनी धूळवाफ पेरणी फारशी पाहिली नसेल, म्हणून जरा सांगते. पावसाच्या आधी, कोरड्या मातीत भात पेरायचं. कुरीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, वर चाडं असतं, लाकडी वाटीसारखं. त्याच्या तळाला भोकं, भोकांतून नळ्या जमिनीत उतरतात. बैल पुढं चालतायत, धुरळा नाकातोंडात जातोय, आणि मागून मुठीतलं बी चाड्यात सोडत जायचं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून धार पडत राहिली पाहिजे. मूठ सैल झाली की एका जागी दाटी होते, आवळली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, मोकळा जातो. आणि हे त्या घडीला कुणाला कळत नाही, पाऊस पडून कोंब वर आले की सगळ्या शिवाराला दिसतं. म्हणून आमच्या घरी चाड्याला आप्पांशिवाय कुणी हात लावत नसे.

त्या सकाळी त्यांनी आत्याला हाक मारली, "चाडं धर," आणि गेले. आत्या वीस वर्षांची होती. माझे वडील कुरी हाकायला, ती चाड्यावर. आप्पा हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटून आले तेव्हा कोंब वर आलेले. घरी यायच्या आधी ते शेतात गेले, बांधावरून चालत एकेक तास बघितला. घरी येऊन आत्याला काही बोलले नाहीत, जेवले आणि झोपले. संध्याकाळी चावडीवर मात्र सगळ्यांना सांगितलं, "माझ्या पोरीनं एक तास मोकळा जाऊ दिला न्हाई."

याच पोरीची शाळा त्यांनी सातवीला बंद केली होती.

हे सांगताना माझा आवाज जड होतो. मराठी शाळेसाठी तुरुंगात गेलेला माणूस हा. आत्या वर्गात पहिली यायची. हायस्कूल लांब, वाटेत ओढा, पोरीची जात, आणि घरात म्हशी. कारणं त्या काळात घरोघरी होती. पण आप्पा घरोघरच्यांसारखे नव्हते, म्हणून मला त्यांचं हे कारण पटत नाही. दुसऱ्याच्या मुलांसाठी जे त्यांनी मागितलं ते स्वतःच्या मुलीला दिलं नाही. आजीनंही खूप सोसलं. मित्राला जामीन राहून पाऊण एकर घालवली ते तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. रागावले की ताट भिरकवायचे, आणि आजी भात गोळा करत राहायची. घटकाभरानं तेच मागच्या दारी येऊन "चहा ठेवतीस काय ग" म्हणून विचारायचे. तीच त्यांची माफी होती, आणि आजीला ती पुरत नव्हती, हे तिनं मला सांगितलंय.

मी दहावी झाले तेव्हा स्थळ आलं होतं. आप्पांचं मन त्या बाजूला झुकलं होतं. ते कळताच आत्या सासरहून आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "माझं झालं ते झालं. हिची शाळा सोडवलीत तर या घरात माझं पाऊल लागायचं न्हाई." आप्पांसमोर असं कुणी कधी बोललं नव्हतं. ते गोठ्याकडे निघून गेले. पुढच्या बाजारी एक म्हैस विकली गेली आणि माझी हॉस्टेलची फी भरली गेली. त्यावर घरात चर्चा म्हणून झाली नाही. आज मी बेळगावात मुलांना शिकवते ती त्या म्हशीवर आणि त्या उंबऱ्यावर.

शेवटच्या दोन वर्षांत आप्पांना दिसेनासं झालं. आत्या महिन्यातले आठ दिवस माहेरी येऊन राहायची आणि सकाळी 'तरुण भारत' वाचून दाखवायची. पेपर आणखी कुणी वाचलेला त्यांना चालत नसे. एकदा सीमाप्रश्नाच्या दाव्याची बातमी होती. 2004 पासून तो दावा सुप्रीम कोर्टात आहे, तारखा आप्पा मोजून ठेवायचे. वाचता वाचता आत्या एका शब्दावर अडकली. कायद्याचा कसला तरी लांबलचक शब्द. दोनदा तिनं तो जोडून बघितला. मग पेपर मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाली, "आप्पा, हा सातवीच्या पुढचा शब्द हाय."

मी चुलीपाशी होते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आप्पांनी हात पुढं करून चाचपडत तिचा हात शोधला, पेपर पुन्हा उचलून तिच्या हातात दिला.

"सावकाश वाच, बाय," म्हणाले. "मला कुठं जायचं न्हाई."