नऊ महिने कपाटात

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चौकोनांत आखलेला पश्चिम घाट)

एकेक चौकोन साधारण नऊ किलोमीटर लांब, नऊ रुंद. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत असे सुमारे २२०० चौकोन. उतार किती तीव्र, दुर्मीळ झाडं-प्राणी किती, सलग जंगल किती उरलंय, हे पाहून प्रत्येकाला गुण द्यायचे, म्हणजे कुठे किती जपायचं ते ठरवता येईल. मार्च २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने हे काम केलं.

(दृश्य: अतिरप्पिळ्ळीचा धबधबा)

केरळातली ही चालक्कुडी नदी. धबधब्याच्या वरच्या अंगाला १६३ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प व्हायचा होता. समिती तिथे गेली. वीज मंडळाचं ऐकलं, काठावरच्या काडर आदिवासींचंही ऐकलं. नदीवर आधीच बरीच धरणं. मग टर्बाइनला पाणी मिळणार किती आणि धबधब्यासाठी सोडणार किती? शिवाय काठचं जंगल बुडणार. दक्षिणेतल्या धनेश पक्ष्याच्या चारही जाती इथे सापडतात. समितीने सांगितलं, मंजुरी देऊ नका.

इकडे सिंधुदुर्गात २५ ग्रामसभांनी आपण होऊन ठराव केले होते, की आमचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे खाणींसारख्या उद्योगांवर बंधनं असलेला, जाहीर करा. खाणवाल्यांचा डोळा असलेल्या मुलखात असा ठराव करायला छाती लागते.

३१ ऑगस्ट २०११ रोजी गाडगीळ समितीचा अहवाल मंत्रालयात पोचला आणि तिथेच राहिला. केरळातल्या एका नागरिकाने तो माहिती अधिकारात मागितला. केंद्रीय माहिती आयोग म्हणाला, द्या. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. मे २०१२ मध्ये अहवाल खुला झाला. ज्यांच्या जमिनीबद्दल तो होता, त्यांना नऊ महिने तो वाचता आला नाही. आला तोही इंग्रजीत, जाडजूड. गावात त्याच्या आधी अफवा पोचली: घरं खाली करायला लावणार!

त्यानंतर याच प्रश्नावर दुसरी, कस्तुरीरंगन समिती. गाडगीळ समितीने सगळा घाट संवेदनशील धरला होता; हिने ते क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं. अतिरप्पिळ्ळीचा फेरविचार होऊ शकतो, असंही म्हटलं. मग हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या सरकारी अधिसूचनेचे मसुदे, एकामागून एक.

(दृश्य: चिखलात अर्धी रुतलेली वस्ती)

सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. आदल्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला दरडीखाली गेली होती. बरोबर दहा वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव असंच गेलं होतं.

मसुद्यावर हरकती नोंदवायला मुदत होती साठ दिवसांची.