साहेब रजेवर गेले की टीम काय करते?

नमस्कार मंडळी! आज कोल्हापुरातून जरा मोठ्या खुर्चीबद्दल बोलूया. प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे कंपनीनं काय बनवायचं आणि आधी काय हे ठरवणारा माणूस, झालात, चार-सहा वर्षं काढलीत, पुढं डायरेक्टर, व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट), हेड ऑफ प्रॉडक्ट. कंपनी हिंजवडीतली असू दे नाहीतर राजारामपुरीतली दहा जणांची, या खुर्चीवरच्या माणसासाठी माझी कसोटी एकच. साहेब आठवडाभर गावच्या जत्रेला गेले, फोन लागत नाही. मागं टीम निर्णय घेते, की "साहेब आल्यावर बघू" म्हणून थांबते?

थांबत असेल, तर साहेब अजून प्रॉडक्ट मॅनेजरच आहेत. पगार तेवढा वाढलाय.

आता एक कंपनी डोळ्यासमोर आणा. गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), पावती, दर दहा दिवसांचं बिल. सेल्सवाला पळत येतो: सांगलीकडची मोठी संस्था तयार आहे, फक्त पशुखाद्याच्या दुकानाचा हिशेबपण ह्यातच पाहिजे म्हणतात. त्याच आठवड्यात सपोर्टवाले सांगतात, गगनबावड्याकडं पावसात नेटवर्क गेलं की पावती निघत नाही. इंजिनियर मोजकेच. आधी काय घ्यायचं?

चांगल्या लीडरनं याचं उत्तर वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं असतं. "नेट असो वा नसो, रांगेतल्या माणसाच्या हातात पावती पडली पाहिजे. यंदा एवढंच. पशुखाद्य, उचल, दुकान यंदा नाही. कारण पशुखाद्याला वेगळी वही ठेवून संस्था भागवते, पण सकाळी टँकर यायच्या वेळेला संकलन अडकलं तर ती आपल्याला सोडून जाते." याच्याखाली आणखी एक ओळ लागते, ती बहुतेक जण विसरतात: काय घडलं तर हे आपण बदलू.

एवढं लिहिलेलं असलं की दोन वर्षांचा अनुभव असलेली पोरगीसुद्धा सेल्सवाल्याला "नाही" म्हणू शकते, आणि कारण देऊन म्हणू शकते. सेल्सचा हेड भडकणारच. त्याचा फोन मात्र साहेबांनी घ्यायचा, त्या पोरीनं नाही. सांगलीचे पैसे हुकले याचा हिशेब मालकापुढं रुपयांत मांडायचा तोही साहेबांनीच.

लिहिण्यावर मी एवढा जोर का देतोय? हा पेशाच एका कागदातून निघालाय. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाचं काम बघत होता. कॅमेची गाठ कंपनीच्याच आयव्हरी साबणाशी होती. त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण दिलं: प्रत्येक ब्रँडला त्याची जबाबदारी घेणारा माणूस द्या, विक्री कमी असेल तिथं त्यानं जाऊन कारण शोधावं. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंटचं मूळ तिथं धरतात. हा गडी पुढं 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षण मंत्री झाला, ते जाऊ दे.

अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसनी 2004 साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं. सलग वाक्यांत लिहून आणायचं, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते गप बसून वाचायचं. आपल्याकडं हे पचायला जड आहे, कारण स्लाइडवर "ग्राहक अनुभव सुधारणे" एवढं टाकून सुटता येतं. पूर्ण वाक्य लिहायला बसलं की कुणाचा अनुभव, कुठं बिघडला, कशानं सुधारणार, सगळंच सांगावं लागतं.

आणि हे एसीत बसून सुचत नाही. डॅशबोर्ड सांगतो, पावत्या व्यवस्थित निघतायत. सकाळी सहाला संकलन केंद्रावर उभं राहिलात तर वेगळंच दिसेल: सचिव आधी वहीत लिहितोय आणि गर्दी सरल्यावर सावकाश मशीनमध्ये भरतोय. त्याचा मशीनवर भरवसाच नाही! हे कुठल्या आलेखात येणार? खुर्ची मोठी झाली की पहिल्यांदा असल्या फेऱ्या बंद होतात. एकटे जाऊ नका, इंजिनियरलाही न्या. परतीची मिसळ कंपनीच्या खर्चानं.

बाकी डेटा कळणं, तंत्रज्ञान कळणं, चार विभागांशी नीट बोलता येणं हे सगळं लागतंच. त्याशिवाय तुम्ही इथवर आलाच नसता, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

एक गोष्ट मात्र अवघड जाते: चुकू देणं. पावतीवर अक्षर केवढं असावं, हे चुकलं तर आठवड्यात बदलता येतं. ते खालच्यांवर सोडा, तुम्हाला पटत नसलं तरी. आपल्या सॉफ्टवेअरची दर आकारणी बदलली, किंवा संस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टीमवर हलवला, तर मागं फिरणं महागात पडतं. तिथं स्वतः बसा. हा फरक न कळणारे लीडर बटणाच्या रंगावर तासभर वाद घालतात आणि दर मात्र सेल्सवाल्याच्या अंदाजावर ठरतो.

मुलाखतीत या जागेसाठी "तुम्ही काय काय बनवलं?" असं विचारतात. मी घेत असलो तर विचारीन, तुमच्या हाताखालचं कोण आज स्वतः टीम चालवतंय? आणि त्याला एकट्यानं घेऊ दिलेला पहिला निर्णय कुठला होता?

पुढच्या भागात दर आकारणी. भेटूया.