अलिबागला जाताना वार नको, तिथी बघा

नमस्कार श्रोतेहो.

थंडीची चाहूल लागली की ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘अलिबाग कधी?’ मग कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या घरचं लग्न, असं सगळं सांभाळून एक रविवार ठरतो. आज मी तुम्हाला अलिबागच्या माझ्या आवडत्या जागा सांगणार आहे, खाण्यापिण्याचंही सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट कानात ठेवा. अलिबागला जायचं तर वार बघू नका, तिथी बघा.

भिंतीवर कॅलेंडर आहे ना? त्यावर त्या दिवसाची तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. म्हणजे तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. जे उत्तर येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा चतुर्थी आहे. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती. तिथून सहा तास मागे या, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध चतुर्थी असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे धरून चाला. पुन्हा सांगते, तिथीची पाऊणपट म्हणजे भरती, आणि त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी.

आता यात एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी येते दुपारी बाराला. आपल्याला किती सोयीची वेळ! पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड हटतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मग मधला मार्ग कोणता? द्वितीया, तृतीया, चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान मिळते. मोबाइलवर भरतीच्या वेळा हल्ली मिळतात, त्याही बघा. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा. त्याचं पोट त्या पाण्यावर आहे, तो चुकीचं सांगणार नाही.

हे सगळं कशासाठी, तर कुलाबा किल्ल्यासाठी. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात दिसतो तो. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी तिथून इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना दर्यावर हैराण केलं. कान्होजींची समाधी गावातच आहे, तिथेही पाच मिनिटं जाऊन या. किल्ल्याच्या तटाजवळ गेलात की हात लावून बघा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे.

ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं. भरतीला होडी. आणि या मधल्या वेळेत जे होतं, त्याची गोष्ट मला सांगायचीच आहे.

आमची सोसायटी ठाण्याच्या पाचपाखाडीत. दरवर्षी सहल निघते. सहलीचे सर्वेसर्वा आमचे सेक्रेटरीसाहेब. माणूस अतिशय शिस्तीचा, पाण्याच्या टाकीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणारा. त्यांनी त्या वर्षी ट्रॅव्हलवाल्याकडून कार्यक्रम छापून घेतला होता आणि बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. आठ वाजता अलिबाग. सव्वाआठ ते दहा नाश्ता व विश्रांती. दहा वाजता किल्ला. बारा वाजता जेवण. असं अगदी रात्री ठाण्यात उतरेपर्यंत.

आमच्या मजल्यावरच्या शेजारणीची आई बरोबर होती. चेंदणी कोळीवाड्यातली, सत्तरीची. सगळी बिल्डिंग तिला मावशी म्हणते. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. मग शांतपणे विचारलं, “आज तीथ काय गं?” मी म्हटलं, “तृतीया असेल, नुकतीच पौर्णिमा झाली.” मावशीने बोटांची पेरं मोजली आणि पुढच्या सीटकडे बघून हाक मारली, “सेक्रेटरी, दहा वाजता पानी वर चरत असंल. आठला जावा गरान.” चरत म्हणजे चढत, गरान म्हणजे गडात.

साहेब वळले. म्हणाले, “मावशी, कार्यक्रम ठरलेला आहे. नाश्त्याची ऑर्डर दिलीये.”

मावशी म्हणाली, “तुजा कागुद दर्याला वाचता येतंय काय?”

अख्खी बस हसली. पण साहेब हटले नाहीत आणि मावशीही हटली नाही. आठ वाजून गेल्यावर अलिबागला उतरलो तेव्हा सरळ दोन तट पडले. पोह्यांचा वास सुटला होता, पोरं भुकेली होती, निम्म्याहून जास्त माणसं साहेबांच्या मागे नाश्त्याला गेली. मावशी म्हणाली, “पोहे बसून ऱ्हातान, पानी बसत नाय.” आणि तिने लुगडं वर खोचलं आणि चालायला लागली. आम्ही दहा-बारा जण तिच्या मागे.

श्रोतेहो, ती चाल काय सांगू. पायाखाली ओली, घट्ट वाळू, तिच्यावर पाण्याने पाडलेल्या बारीक बारीक वळ्या. त्या तळव्यांना टोचतात. मधूनच घोट्याएवढं कोमट पाणी लागतं आणि एखादा इवलासा खेकडा तिरका पळत बिळात शिरतो. मावशी अनवाणी, झपाझप. वाटेत कुठे थांबून वाळूत बोटं घालून दोन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वर काढायची, मुलांना दाखवायची, परत टाकायची. किल्ल्यात दर्शन झालं, विहिरीचं पाणी बघून झालं, तटावर फिरून झालं. साडेनऊला मावशी म्हणाली, “चला.” एका पोराला अजून तोफा बघायच्या होत्या. मावशीने त्याचा कान धरला. परत येताना पाणी पोटरीला लागलं होतं.

आम्ही किनाऱ्यावर पाय ठेवतोय तर साहेबांची मंडळी घोडागाड्यांत बसून निघालेली! हातात कागद. बरोब्बर दहा. पाणी गाडीच्या आसापर्यंत येत होतं, बायका पाय वर घेऊन किंचाळत होत्या, पोरांना तर धमाल. मावशीने लांबूनच हात हलवला, म्हणाली, “होरीचे पैसे ठेव रं खिशान!”

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. ती मंडळी किल्ला बघून अकरा-सव्वाअकराला परत दाराशी आली तेव्हा गाड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि मध्ये सगळा दर्या. होडी होती, पण होडीवाला एकावेळी मोजकीच माणसं घेणार, आणि रांगेत त्यांच्या आधी एका शाळेची अख्खी सहल.

इकडे आमच्या वाट्याला मावशी आणि मोकळा वेळ. ती आम्हाला घेऊन गेली थेट मासळीबाजारात. आता चेंदणीची कोळीण अलिबागच्या कोळणीकडून मासे घेणार, म्हणजे बघायलाच हवं. मावशीने एक जिताडा उचलला. कल्ला उघडून बघितला, लालभडक. अंगठ्याने पोटावर दाबलं, मांस लगेच वर आलं. तरी तोंड वाकडं केलं. समोरची म्हणाली, “ठान्यानशी आलीस ना? मंग तुला काय ताजं ठावं!” मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाच मिनिटं ते युद्ध चाललं. बोलता बोलता कळलं की त्या बाईची मावसबहीण चेंदणीलाच दिलीये, मावशीच्या आळीत. मग काय, दोघी पाटीवर बसूनच राहिल्या. भावात मात्र त्या बाईने एक रुपया सोडला नाही. वर मूठभर करंदी टाकली आणि वरसोलीतल्या आपल्या जावेचं घर सांगितलं, तिथे खानावळ होती, मासे दिले की रांधून देतात म्हणाली.

साहेबांची मंडळी आली दुपारी दोनच्या पुढे. ठरलेल्या हॉटेलातलं बाराचं जेवण कधीच थंड झालेलं. ओली, उन्हाने लाल झालेली, एकमेकांशी न बोलणारी. आम्ही वरसोलीच्या त्या अंगणात माडाखाली बसलो होतो. मावशीने साहेबांना आपल्या शेजारी पाट दिला, जिताड्याच्या कालवणातलं अख्खं डोकं त्यांच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, “घे, ह्ये तुज्या कागदान नव्हतं.”

साहेबांनी ते डोकं शेवटच्या काट्यापर्यंत चाखून खाल्लं. पुढच्या वर्षीच्या कागदावर सगळ्यात वर, तारखेच्याही आधी, तिथी छापलेली होती.

तर, वार नाही, तिथी.

वेळ भरभर जातोय, खाण्याचं सांगते. जिताडा आलाच गोष्टीत. खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागच्या खाडीकाठच्या भातशेतांच्या पट्ट्यात, शेततळ्यांत तो वाढवतात. मिळाला तर पापलेट बाजूला ठेवा. पापलेटचं आपल्याकडे उगाच फार कौतुक झालंय, हे माझं मत, कुणाला राग आला तर येवो. गावात ‘सन्मान’, ‘फुलोरा’ ही नावं कुणीही सांगेल. पण माझा जीव नागाव-वरसोलीच्या घरगुती खानावळींत. तिथे आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगावं लागतं. आयत्या वेळी पंधरा जणांनी दारात उभं राहायचं आणि वर ‘किती वेळ लागणार’ विचारायचं, हे बरं नव्हे. शाकाहारी मंडळींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मागावी. समुद्रावर येऊन पनीर मागणाऱ्यांशी मी बोलत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी नाहीतर कोंबडी, आणि वरून जाळ.

आणि पांढरा कांदा! अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. कार्ले, खंडाळे या गावांकडचा तो कांदा. पातींची वेणी घालून माळा टांगलेल्या असतात. चव गोडसर, कच्चा खायचा. उन्हाळ्यात रस्त्याकडेला प्रत्येक पांढरी माळ अलिबागचीच असते असं समजू नका, नीट विचारून घ्या.

बाकी जागा पटापट. चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी बघा. ती मुंबईत कुलाब्याला होती. ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. इस्रायल आळीत बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. ठाणेकरांना हे नवीन नाही, आपल्याकडेही त्यांचं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. आक्षीला शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे, म्हणजे हजार वर्षांहून जुना. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, पलीकडे कोर्लईचा किल्ला आणि दीपस्तंभ. पायांत जोर असेल तर कनकेश्वर, सातशेच्या वर पायऱ्या, सकाळीच चढा. पॅरासेलिंग आणि वॉटर स्कूटरबद्दल मला विचारू नका. समुद्राजवळ जाऊन इंजिनाचा आवाज ऐकायचा तर आपला घोडबंदर रोड काय वाईट आहे?

आता जायचं कसं. गाडीने पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड हा रस्ता सगळ्यांना पाठ आहे आणि रविवारी संध्याकाळी वडखळला काय होतं तेही. ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा गाडी आहे पण डोकं शांत ठेवायचंय, त्यांच्यासाठी दुसरी वाट. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरूळ, तिथून उरणची गाडी. उरणहून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने खाडी ओलांडून रेवस आणि रेवसहून एसटी नाहीतर टमटमने अलिबाग. लाँचमध्ये मासळीच्या पाट्या असतात, शाळेची मुलं असतात, कधी एखादी मोटारसायकलही चढवलेली असते. परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे मात्र रेवसला उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली तर एसटीने पुन्हा पेणवरूनच यावं लागेल. नमस्कार.